रॉकेलच्या बरणीतला फोन

२०१८ साल. ओणम होऊन दोन दिवस झाले होते, पण केरळातल्या आमच्या चालक्कुडीत त्या वर्षी कुणाच्या अंगणात फुलं मांडलेली नव्हती. घराघरांतून अजून पुराचा गाळ निघत होता. सोमवारी सकाळी नऊच्या सुमारास माझ्या गॅलरीतल्या टेबलावर एका रुंद खांद्यांच्या माणसाने काचेची बरणी आणून ठेवली. लोणच्याची बरणी. आत निळसर पातळ काहीतरी गळ्यापर्यंत भरलेलं आणि तळाशी एक मोबाइल आडवा पडलेला.

"हे काय?" टेबलामागे फोन दुरुस्त करत बसलेल्या कोचुत्रेस्याने विचारलं.

"फोन," तो म्हणाला. "चालू होत नाही."

कोपऱ्यातल्या खुर्चीत आपल्या फोनची वाट पाहत बसलेले इनाशू गुरुजी मोठ्याने हसले. "अरे, यंदा कैऱ्या वाहून गेल्या म्हणून फोनचं लोणचं घातलंस की काय?"

कोचुत्रेस्याने झाकण फिरवून वास घेतला आणि मान मागे घेतली. "रॉकेल! फोन रॉकेलमध्ये? किती दिवस?"

"दहा."

"हा घेऊन जा," गुरुजी म्हणाले. "कंदील म्हणून लाव."

त्या माणसाच्या मागे जिन्याच्या तोंडाशी एक बाई उभी होती. पन्नाशीची, साडी चुरगळलेली, पायांना पोटऱ्यांपर्यंत वाळलेला चिखल. ती हळूच म्हणाली, "हसू नका हो. त्या फोनमध्ये माझी आई आहे."

त्यानंतर गॅलरीत कुणी हसलं नाही.

कोचुत्रेस्याचं दुकान खरं म्हणजे खाली, माझ्या खोल्यांच्या बरोबर खालच्या गाळ्यात. आम्ही विट्याकडचे, सोनं गाळणारे. १९७९ साली यांच्याबरोबर मी इथे आले तेव्हा त्या गाळ्यात तिच्या वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. देवस्सी मेस्त्री. म्हातारपणी त्यांचा हात थरथरायला लागला तशी तारांना डाग देण्याची कामगिरी मधल्या लेकीकडे, त्रेस्याकडे, आली. गिऱ्हाईक यायचं, दारातून डोकावायचं आणि विचारायचं, "मेस्त्री नाहीत का कुणी?" ती मान वर न करता म्हणायची, "आहे ना. बसा." रेडिओ गेले, टेपरेकॉर्डर आले, टीव्ही आले, शेवटी मोबाइल आले. ती त्याच स्टुलावर बसून राहिली. लग्न केलं नाही. एकसष्टाव्या वर्षीही घोळदार मॅक्सी, खांद्यावर पंचा आणि कपाळावर सरकवलेलं भिंगाचं चष्म्यासारखं यंत्र, हाच तिचा वेष.

पुराच्या संध्याकाळी पाणी दुकानात शिरलं तेव्हा तिला जिन्यावरून एकच खेप करता आली. तिने दोन वस्तू वर आणल्या. गिऱ्हाइकांच्या फोनांचा खोका आणि वडिलांचा मीटर. नव्या पडद्यांची, बॅटऱ्यांची, तिच्या स्वतःच्या पैशांची कपाटं खालीच बुडाली. पाणी ओसरल्यावर मी म्हटलं, गाळ निघेपर्यंत माझ्या गॅलरीत बस. तेव्हापासून गॅलरीत रांग लागली होती. लोक फोन आणायचे ते तांदळाच्या पिशव्यांतून. कुणीतरी सांगितलं होतं की तांदूळ पाणी शोषून घेतो. आमचा इथला लाल उकडा तांदूळ. त्याचा कोंडा फोनच्या भोकाभोकांत जाऊन चिकट लगदा व्हायचा.

"तांदूळ पेज करायला असतो गं," त्रेस्या प्रत्येकीला सांगायची. "फोनला पेज पाजू नका."

पण रॉकेलमधला फोन तिनेही पहिल्यांदाच पाहिला होता.

"बसा दोघं," ती म्हणाली. "आणि एकेकाने सांगा."

बाईचं नाव विलासिनी. नदीपलीकडच्या अंगणवाडीत ती शिकवायची. पुराच्या आदल्या आठवड्यात ती लेकीच्या बाळंतपणाला पालक्काडला गेली आणि रस्ते बंद होऊन तिकडेच अडकली. घरी त्र्याऐंशी वर्षांची आई, कार्त्यायनी अम्मा. शेजारीण लक्ष ठेवून होती. पाणी चढलं तसे समुद्रावरचे कोळी आपल्या होड्या ट्रकवर घालून मदतीला आले. शेजारीण एका होडीत गेली, म्हातारी दुसरीत.

"तिला स्वतःचं नाव आठवत नाही," विलासिनी म्हणाली. "माझंही नाही. सतरा शिबिरं फिरले मी. सगळीकडे याद्या दाखवतात, यादीत नाव नाही. परवा शाळा उघडणार म्हणून शिबिरं बंद होतायत. ज्यांचं कुणी आलं नाही अशा म्हाताऱ्यांना उद्या गाड्या भरून दुसऱ्या जिल्ह्यांतल्या आश्रमांत नेणार आहेत. एकदा का ती तिकडे गेली की..."

तिने चुरगळलेला पदर खांद्यावर नीट ओढला.

"होडीवर दोन मासे रंगवलेले होते एवढं शेजारणीला आठवत होतं," ती म्हणाली. "तेवढ्यावर किनाऱ्यावर विचारत विचारत गेले. काल हे सापडले."

हे म्हणजे बरणीवाला. पत्रोस त्याचं नाव.

"मी चौदा खेपा केल्या, चेच्ची," तो त्रेस्याला म्हणाला. चेच्ची म्हणजे ताई. "कुठल्या खेपेत कुठली आजी, मला काय आठवणार? पण फोटो आहेत. प्रत्येक खेपेचा आहे."

"फोटो काढत बसलास? लोक बुडत असताना?" गुरुजींना राहवेना.

"सवय हो, गुरुजी. मासळीचे खोके ट्रकमध्ये चढवले की आम्ही ड्रायव्हरला नंबराच्या पाटीशेजारी उभं करतो आणि मालासकट फोटो काढतो. नाहीतर दलाल दुसऱ्या दिवशी म्हणतो, पत्रोस, दोन खोके कमी आले. तसंच झालं. माणसं होडीतून उतरवली, ट्रकमध्ये चढवली, हात आपोआप खिशात गेला. शेवटच्या खेपेला फोन पाण्यात पडला."

"कार्ड आहे का आत? वेगळं, फोटोंचं?"

"नाही. जे आहे ते फोनच्या पोटात."

त्रेस्याने बरणी उचलून उजेडात धरली. "पाण्यातून काढल्यावर बटण दाबलंस?"

"नाही."

"चार्जर लावलास?"

"नाही हो. इंजिन समुद्रात पडलं तर चालू करून बघायचं नसतं. आधी गोड्या पाण्याने धुवायचं आणि मेस्त्री भेटेपर्यंत रॉकेलमध्ये बुडवून ठेवायचं. हवा लागली की गंज धरतो. माझ्याकडे प्यायच्या पाण्याची बाटली होती, तिने धुतला. रॉकेल होडीत होतंच." मग जरा ओशाळून म्हणाला, "आमच्याकडचा पोरगेला मेस्त्री म्हणाला, फेकून दे. याचं रबर, डिंक सगळं गेलं."

"डिंक गेला असेल," त्रेस्या म्हणाली. "बघू या बाकीचं."

"माझा फोन आधी आलाय," गुरुजी म्हणाले.

"गुरुजी, तुमचा फोन चार दिवस तांदळात होता आणि त्याच्या आधी तुम्ही त्याला दोनदा चार्जर लावलात. त्याला आता कसलीच घाई नाही."

तिने चिमट्याने फोन बाहेर काढला, पंच्यावर निथळत ठेवला. मागची बाजू उघडायला एरवी गरम हवा लागते. ही नखाने उचलल्याबरोबर सुटून आली. डिंक खरंच विरघळला होता. बॅटरी काढून तपासली, ती संपलेली. मग तिने आतली सर्किटची हिरवी पट्टी मोकळी केली, भिंग डोळ्यांवर ओढलं आणि ती टोकापासून टोकापर्यंत न्याहाळली.

विलासिनीने माझा हात कधी धरला मला कळलं नाही.

"अम्मा, इकडे या," त्रेस्याने मला बोलावलं. "तुमचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत. टाक्यांवर हिरवं काही दिसतं का? शेवाळासारखं?"

मी वाकून पाहिलं. सोनं गाळणाऱ्याच्या घरात चाळीस वर्षं काढल्यावर धातूचा रंग कळतो. पट्टीवरचे धातूचे सगळे टाके चकचकीत होते, जणू आज सकाळी दिलेले. "नाही," मी म्हटलं.

मग तिने खोक्यातून गुरुजींचा उघडून ठेवलेला फोन काढला आणि शेजारी धरला. त्यातले टाके हिरवट पांढऱ्या बुरशीने फुलले होते.

"हा तांदळातला," ती म्हणाली. "आणि हा रॉकेलमधला. पत्रोस, गावातले सगळे शिकलेले लोक चुकले. तू इंजिनाचा कायदा लावलास आणि वाचलास."

गुरुजींनी चष्मा काढून पुसायला घेतला.

पट्टी तिने स्पिरिटने तीन वेळा धुतली, दात घासायच्या मऊ ब्रशने, कोपरा न् कोपरा. रॉकेलचा वास पूर्ण गेल्याशिवाय वीज द्यायची नव्हती. टेबलफॅन लावला. अर्धा तास ती नुसती बसून राहिली. मी कट्टन, बिनदुधाचा चहा केला. विलासिनीने कप हातात धरून ठेवला, प्यायली नाही. तीन-तीनदा ती विचारायची, "वाळलं असेल ना आता?" आणि त्रेस्या म्हणायची, "मोळे, पोरी, घाईने मेलेले फोन मी खूप पाहिलेत."

मग तिने वडिलांचा मीटर पुढे ओढला. काळा, विटेएवढा डबा, वर काच, काचेखाली बारीक काटा. आजकालच्या मेस्त्रींकडे आकडे दाखवणारी यंत्रं असतात. तिचा भरवसा काट्यावर. ती मला नेहमी सांगायची, फोन चालू होत नाही असं लोक म्हणतात, पण त्याचे तीन प्रकार असतात. काटा हललाच नाही तर वीज आत पोचत नाही. काटा उसळून खाली पडला तर फोन उठायला बघतोय पण उठवत नाही. आणि काटा खालीवर होत राहिला तर फोन जागा आहे, फक्त त्याचं तोंड काळं आहे.

तिने छातीवर क्रूस काढला आणि दुसऱ्या फोनच्या भरलेल्या बॅटरीच्या दोन तारा मीटरमधून पट्टीच्या टोकांना लावल्या. पत्रोसने बटण दाबलं.

काटा हलला नाही.

"परत."

त्याने अंगठा रुतेपर्यंत दाबलं. काटा जागचा हलला नाही. विलासिनी उठून कठड्याशी गेली आणि पाठ करून उभी राहिली.

"झालं," गुरुजी पुटपुटले.

"काय झालं? काही झालं नाही," त्रेस्या म्हणाली. तिच्या आवाजात जराही फरक नव्हता. तिने बटणाची पट्टी काढून बोटांत दाबून पाहिली. "हे बघा. बटणाखालचं रबर रॉकेल पिऊन फुगलंय. वर दाबतोय आपण, खाली पोचतच नाही. दाराची घंटा बिघडली म्हणून घरात कुणी नाही असं होतं का?" तिने चिमटा उचलला आणि त्याची दोन टोकं दोन सूक्ष्म ठिपक्यांवर टेकवली.

काटा उसळला.

वर गेला, अडखळला, थोडा खाली आला. आम्ही सगळे त्या काचेवर वाकलो होतो. काटा पुन्हा चढला, उतरला, चढला. झोपलेल्या माणसाचं पोट हलावं तसा. टेबलावरची पट्टी गुर्र करून थरथरली.

"हा जागा झाला," त्रेस्या म्हणाली. "आता याला तोंड हवं."

फोनचा पडदा रॉकेलने आतून डागाळून काळा पडला होता. नवे पडदे खाली गाळात. त्रिशूरला जाऊन आणायचा तर दुपार गेली असती, आणि दुकानं उघडी असतील की नाही कुणाला ठाऊक. त्रेस्या माझ्याकडे बघायला लागली. मला आधी उमगलं नाही.

"अम्मा, तुमचा फोन."

त्या वर्षी अर्ध्या गावाकडे तोच फोन होता. माझ्या मुलाने विट्याहून मला तोच पाठवला होता. रोज संध्याकाळी सातला त्याचा फोन यायचा, आणि त्या पुराच्या दिवसांत तर मी तो उशाशी घेऊन निजायची. खोटं कशाला सांगू, क्षणभर माझा हात कंबरेच्या पिशवीवरच राहिला. मग काढून दिला.

"तुमचा पण जिवंतच राहील," ती म्हणाली. "वाजेल, बोलता येईल. दिसणार तेवढं नाही."

"मला दिसायचं काय आहे? त्याचा आवाज कळतो मला."

दहा मिनिटांत माझ्या फोनचं तोंड पत्रोसच्या फोनला बसलं. तिने पुन्हा चिमटा टेकवला. उजेड आला. पडद्यावर नऊ ठिपके उमटले, कुलूप होतं. पत्रोसने अंगठा फिरवला. फोनने नाही म्हटलं. जाळी ओढून ओढून त्याच्या अंगठ्याला घट्टे पडलेले. त्याने तो कमरेच्या मुंडूला, लुंगीला, पुसला, पुन्हा फिरवला. पुन्हा नाही.

"करंगळीने," त्रेस्या म्हणाली. "आणि श्वास घे."

करंगळीने उघडलं.

आधी मासळीचे फोटो आले. खोके, बर्फ, ट्रक, पाटीशेजारी उभे कंटाळलेले ड्रायव्हर. मग तेच ट्रक, तसेच ड्रायव्हर, आणि खोक्यांच्या जागी माणसं. ओली, ब्लँकेटं पांघरलेली, कुणाच्या मांडीवर कुत्रं, कुणाच्या डोक्यावर टीव्ही. विलासिनी एकेका फोटोवर बोट ठेवून चेहरे शोधत होती. नवव्या फोटोत खडीच्या टिप्परमध्ये मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीवर एक म्हातारी बसली होती. अंगात कुणाचा तरी पिवळा रेनकोट, हात मांडीवर जुळवलेले, मान ताठ. लग्नात पुढच्या रांगेत बसावं तशी.

विलासिनीचं बोट त्या चेहऱ्यावर थांबलं. "हीच," ती म्हणाली.

"नंबर वाचता येतोय," पत्रोस म्हणाला. "पण नंबरावरून मालक शोधायला ऑफिसं उघडी पाहिजेत."

"सरका जरा," इनाशू गुरुजी खुर्ची ओढत पुढे आले. पाटीशेजारी उभ्या ड्रायव्हरच्या तोंडाजवळ त्यांनी नाक नेलं. "हा शिवन! कोडकरा गावचा शिवन. चौथीत दोन वर्षं माझ्या वर्गात होता. आईसारखे कान आहेत, कसा विसरेन?"

"नंबर आहे का त्याचा, गुरुजी?"

"माझे सगळे नंबर त्या बुरशीत गेले," गुरुजी म्हणाले. पण विलासिनीचा फोन घेऊन त्यांनी एक पाठ असलेला नंबर लावला, त्या माणसाने दुसऱ्याचा दिला, दुसऱ्याने तिसऱ्याचा. चाळीस वर्षांतले विद्यार्थी गुरुजींनी एकामागून एक उठवले. प्रत्येकाला आधी "जेवलास का?" आणि मग "शिवन कुठे आहे?"

शिवन टिप्परवरच होता. गुरुजींनी फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

"पिवळ्या रेनकोटातली आजी? तिला कोण विसरेल, गुरुजी! रस्ताभर मागच्या काचेवर टकटक करून विचारत होती, पोरा, जेवलास का म्हणून. शाळेत जागाच नव्हती. माळा गावाच्या अलीकडे ख्रिस्ती जोगिणींचा मठ आहे ना, त्यांच्या सभागृहात सोडली मी तिला."

सतरा शिबिरांत ते सभागृह नव्हतं. ते सरकारी यादीतच नव्हतं.

विलासिनी उठली ती चपला न घालताच जिना उतरायला लागली. पत्रोस तिच्या चपला हातात घेऊन मागोमाग. जिन्याच्या वळणावरून तो ओरडला, "चेच्ची, फोन?"

"राहू दे इथे. बटण बसवायचंय."

संध्याकाळी साडेपाचला त्रेस्याच्या फोनवर विलासिनी बोलली. आई सापडली होती. ओळखलं नाही तिने लेकीला. पण तिच्या खाटेखाली स्टीलच्या पेल्यात खिरीसारखं पायसम होतं, ओणमच्या दिवशी मिळालेलं, दोन दिवसांचं, आंबून गेलेलं. ते कुणाला टाकू देत नव्हती. जोगिणींना सांगायची, माझी मुलगी यायची आहे, तिचा वाटा आहे तो. विलासिनीला समोर बसवून तिने पेला पुढे केला आणि म्हणाली, "बाई, तू चांगली दिसतेस, माझी मुलगी येईपर्यंत एवढा सांभाळ."

"मग?" त्रेस्याने विचारलं.

"मी प्यायले," विलासिनी म्हणाली.

त्रेस्याने फोन ठेवला, पंच्याने भिंग पुसलं आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला हात केला. "आणा. तांदळातला आहे का?"

त्याच संध्याकाळी सातला माझा काळ्या तोंडाचा फोन वाजला. मी चाचपडत उचलला. मुलगा म्हणाला, "आई, काय विशेष?" मी म्हटलं, काही नाही, आज माणसं आली होती.

कार्त्यायनी अम्मा आणखी दोन वर्षं जगली. विलासिनीने तिच्या प्रत्येक ब्लाउजच्या आतल्या बाजूला आपला नंबर लाल दोऱ्याने भरला होता. शेवटचा ब्लाउज तिने जपून ठेवला आहे. पत्रोसचे गुडघे गेले, होडी आता पुतण्या चालवतो. फोन मात्र त्याच्याकडे तोच आहे, माझ्या पडद्याचा. दर ओणमला तो बर्फातली सुरमई पाठवतो, मी खात नाही हे माहीत असूनही. शिवनने स्वतःचा टिप्पर घेतला आणि अजून मागच्या काचेवर कुणी टकटक केलं तर वळून बघतो म्हणे. इनाशू गुरुजींचा फोन कधीच चालू झाला नाही. त्यांनी घरात रॉकेलची बरणी भरून ठेवली आणि जाईल तिथे ती युक्ती स्वतःच्या नावावर सांगत राहिले, एक्याण्णवाव्या वर्षापर्यंत.

त्रेस्याचं दुकान दोन महिन्यांनी पुन्हा खाली उभं राहिलं. तीन वर्षं चाललं. मग एका दुपारी तिचा चिमटा चुकीच्या ठिपक्यावर टेकला. फोनला काही झालं नाही, गिऱ्हाइकाला कळलंही नाही. तिने हात समोर धरून पाहिला, वडिलांचा हात पाहायची तसा, त्या फोनचं काम पुरं केलं आणि शटर खाली ओढलं. पुन्हा उघडलं नाही. पुढच्या पावसाळ्याआधी ती गेली. दुकानात आता चपला मिळतात.

मीटर तिने माझ्यासाठी ठेवला. त्याला लावायला माझ्याकडे काही नाही. गॅलरीच्या भिंतीवर खिळ्याला टांगला आहे, तारा गुंडाळून. काटा शून्यावर असतो. खालून भरलेला टिप्पर गेला की भिंत हलते, आणि काटा शून्यापासून केसभर वर येतो, जरा थरथरतो, परत जातो. मी हातातलं काम थांबवून तेवढं बघते.